अंदाजांच्या गर्दीत एक दिवस

सकाळी सव्वासात

आमच्या पेपरात क्राईम पाहणारा मुलगा लग्नासाठी रजेवर आहे, त्यामुळे सध्या पोलीस ठाण्यांचे फोन माझ्याकडे येतात. आजचा पहिला फोन मात्र ठाण्यातून नव्हता. गंगापूर रोडच्या बाजूला अंक टाकणाऱ्या आमच्या एजंटाचा होता.

"मॅडम, गोदावरीच्या पुलाजवळ एक स्कूटर उभी आहे. रात्रीपासून. बाईची आहे, पण बाईचा पत्ता नाही. फायर ब्रिगेडची गाडी आलीय." आणि त्याच दमात, "घरात भांडण झालं होतं म्हणे."

कोण म्हणालं, असं विचारलं तर म्हणाला, "इथे सगळेच म्हणतायत."

अशा बातमीच्या दिवशी मी डायरीचं पान मधोमध दुमडते. डावीकडे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं, उजवीकडे कुणीतरी म्हटलेलं. रात्री पान लावताना उजवी बाजू वापरायची नाही. स्कूटर डावीकडे गेली, भांडण उजवीकडे.

सकाळी साडेनऊ

पुलावर वाहतूक अडलेली. पाऊस सरून फार दिवस झालेले नाहीत, नदीला पाणी आहे. अग्निशमन दलाची बोट खालच्या अंगाला फिरत होती. दोन जीवरक्षक कमरेला दोर बांधून खडकांच्या कपारी बघत होते. पाण्यात काम करणारी माणसं एकमेकांशी फक्त खुणेनं बोलत होती. कठड्याला टेकलेली माणसं मात्र सलग बोलत होती.

स्कूटर स्टँडवर नीट लावलेली, हँडल लॉक केलेलं. डिकी बंद, चावी नाही. एवढंच दिसत होतं. पण त्या हँडल लॉकवरून कठड्यापाशी दोन पक्ष पडले. जीव द्यायला निघालेली बाई हँडल लॉक करेल कशाला, असं एका बाजूचं म्हणणं. रोजची सवय असते, हात आपोआप वळतो, असं दुसऱ्या बाजूचं. तिसऱ्या एका गृहस्थांनी दोघांनाही मोडीत काढलं. त्यांच्या मते स्कूटर मुद्दाम इथे आणून लावली होती, सगळ्यांनी नदीत शोधत बसावं म्हणून. "कुणासोबत तरी गेली असणार," ते म्हणाले आणि चारपाच जणांनी माना डोलावल्या. मग विषय नवऱ्यावर आला. तो रात्री उशिरा ठाण्यात गेला, म्हणजे त्यालाच काहीतरी ठाऊक असणार. समजा तो संध्याकाळीच गेला असता, तर एवढी घाई कशाला केली असंही याच लोकांनी विचारलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

त्या कुलपातून पोलिसांना एकच सरळ गोष्ट कळते: चावी तिच्याजवळ असण्याची शक्यता आहे, म्हणून चावीही शोधायची. ही गोष्ट मला तिथल्या एका शिपायानं सांगितली. कठड्यावर कुणाच्या बोलण्यात ती आली नाही.

बाईचं वय छत्तीस, दोन मुलं, एका खासगी शाळेत नोकरी. याहून अधिक मी इथेही लिहिणार नाही.

दुपारी बारा

ठाण्यात ज्या महिला हवालदारांकडे तपास आहे त्यांना मी गेली कित्येक वर्षं ताई म्हणते. टेबलावर मिसिंगचं रजिस्टर उघडं होतं. बाजूच्या बाकावर नवरा आणि त्याचा मेहुणा, म्हणजे बेपत्ता बाईचा सख्खा भाऊ, एकाच बाटलीतून पाणी पीत बसले होते. पुलावर या दोघांमध्ये वैर लावून झालेलं होतं.

सज्ञान व्यक्ती हरवली तर ठाण्यात मिसिंग दाखल होते. अठराच्या आतली मुलगी किंवा मुलगा असेल तर अपहरणाचा गुन्हाच नोंदवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर यात पळवाट उरलेली नाही. चोवीस तास थांबा, मग तक्रार घेऊ, असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. तरी लोक अजून चोवीस तास थांबतात, आणि शोधाला सर्वांत उपयोगी पडणारे तास हेच असतात. वायरलेस संदेश जातो, फोटो शेजारच्या ठाण्यांना, बसस्थानकांना, रेल्वे पोलिसांना पाठवला जातो, मोबाईलचं शेवटचं लोकेशन मागवलं जातं, कॉलचे तपशील येतात, रस्त्यावरचे कॅमेरे पाहिले जातात. सिव्हिलमध्ये अनोळखी रुग्ण आणि शवागार, दोन्ही ठिकाणी माणूस जातो. हे काम सावकाश आणि कंटाळवाणं असतं, आणि बहुतेक वेळा उत्तर यातूनच मिळतं.

ताई नवऱ्याला विचारत होत्या. उंची किती? अंगावर काय होतं? पायात चप्पल की बूट? कानात काय? हातावर गोंदण, भाजल्याची खूण, टाके? नवऱ्याला कपड्यांचा रंग सांगता येईना. निळा असेल, म्हणाला. मग त्यानं घरी फोन लावला आणि धाकट्या मुलीनं सांगितलं: हिरवा कुर्ता, पांढरी ओढणी, ओढणीला कोपऱ्यात चहाचा डाग. ताईंनी डागासकट लिहून घेतलं.

तोवर टेबलावरचा फोन वाजत होता. एकानं त्र्यंबकेश्वरला बाई पाहिल्याचं सांगितलं. कपडे विचारले तर सांगता येईना, तरी ताईंना तिकडच्या ठाण्याला कळवावं लागलं, तिथला एक माणूस मंदिराभोवती फिरणार. दुसऱ्यानं नाव न सांगता शाळेतल्या एका शिक्षकाचं नाव घेतलं. तिसरा शेजारी होता. त्याला नवऱ्याच्या कर्जाबद्दल बोलायचं होतं, पण काल संध्याकाळी तो स्वतः गावातच नव्हता.

फोन ठेवून ताई म्हणाल्या, "मॅडम, सकाळपासून प्रत्येकाला मला कारण सांगायचंय. ती कुठल्या रस्त्यानं गेली ते कुणी सांगत नाही."

हे वाक्य मी डावीकडे लिहून घेतलं.

दुपारी सव्वादोन

डबा खाऊन पुरवणीच्या कामाला बसले. येत्या ३ डिसेंबरला रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती बेपत्ता झाली त्या घटनेला शंभर वर्षं होतील, आणि त्यावरचा लेख माझ्याकडे आहे. महिनाभर वाचते आहे. आज पुलावरून आल्यावर तो वाचणं जड गेलं.

१९२६ हे साल तिला फार वाईट गेलं होतं. एप्रिलमध्ये आई गेली. जूनमध्ये 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' आलं आणि नाव झालं, पण त्याच उन्हाळ्यात नवऱ्यानं, कर्नल आर्चिबाल्ड ख्रिस्तीनं, आपलं नॅन्सी नील नावाच्या तरुणीवर प्रेम असल्याचं आणि घटस्फोट हवा असल्याचं सांगितलं. ३ डिसेंबरच्या शुक्रवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास ती सनिंगडेलच्या घरातून मॉरिस गाडी घेऊन निघाली. सात वर्षांची मुलगी रोझलिंड वर झोपलेली होती. अगाथाचंही वय तेव्हा छत्तीसच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरच्या उतारावर गाडी सापडली. उताराखाली चुनखडीची खाण, गाडीचं तोंड झुडपांत रुतलेलं, आत फरचा कोट आणि सामानाची पेटी. डिसेंबरच्या थंडीत कोट गाडीत कसा राहिला, यावर सारा देश बोलू लागला. जवळच सायलेंट पूल नावाचं तळं होतं. मग नजरा पाण्यावर खिळल्या आणि तळं ढवळून काढलं गेलं.

घर बर्कशायरमध्ये आणि गाडी सरेमध्ये, म्हणजे पोलिसांच्या हद्दीचा प्रश्न होताच. सरेचे पोलीस अधिकारी केनवर्ड यांना ती त्याच टेकड्यांत मेलेली सापडेल याची खात्री होती. बर्कशायरचे गोडार्ड यांना ती जिवंत असेल असं वाटत होतं. वृत्तपत्रांना दोघांचे अंदाज हवे होते आणि रोज मिळत होते. 'डेली न्यूज'नं शंभर पौंडांचं बक्षीस लावलं, आणि तिनं वेश बदलला असेल तर ती कशी दिसेल याची चित्रं छापली. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं बातमी पहिल्या पानावर घेतली. रहस्यकथालेखक एडगर वॉलेसनं लेख लिहून तिच्या मनात काय असेल ते सांगितलं. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल यांना आता मृतात्म्यांशी बोलण्यात रस होता. त्यांनी तिचा हातमोजा मिळवून एका माध्यमाच्या हातात दिला. दुसरी रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स जागा पाहून आली. नवऱ्याच्या मागे पोलीस होते. मनात आलं तर आपण बेपत्ता होऊ शकतो असं ती म्हणाल्याचं त्यानं वार्ताहरांना सांगितलं. या एका वाक्यामुळे ती नाटक करते आहे हे काहींना पटलं आणि तो खुनी आहे हे इतरांना पटलं.

रविवार, १२ डिसेंबर. त्या टेकड्यांवर हजारो लोक शोधायला जमले. आकडे दोन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत सांगितले जातात. ब्लडहाउंड कुत्री आली. त्या दिवसांत शोधासाठी विमानंही उडाली. आलेल्यांत मनापासून मदत करणारे पुष्कळ असतील, हे मला मान्य आहे. आपल्याकडेही पुलावरच्या गर्दीतून एखादा पोहणारा उडी घेतोच. पण ते जिथे काठीनं झुडपं बाजूला करत होते तिथून ती तीनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला होती.

ती यॉर्कशायरमध्ये हॅरोगेट या आरोग्यस्नानांच्या गावी, एका हॉटेलात, 'केपटाउनच्या मिसेस टेरेसा नील' या नावानं राहत होती. आडनाव नॅन्सी नीलचं. जिन्यावरून उतरून जेवायला यायची, बिलियर्ड्स खेळायची, बॅंड वाजू लागला की नाचायची, आणि रोज सकाळी स्वतःच्या शोधाच्या बातम्या वाचायची. ११ डिसेंबरच्या 'टाइम्स'मध्ये तिनं छोटी जाहिरात दिली: टेरेसा नील यांच्या नातेवाइकांनी व स्नेह्यांनी संपर्क साधावा. बाई हरवली म्हणून ज्या देशातली वर्तमानपत्रं भरत होती, त्याच देशातल्या वर्तमानपत्रात तिनं स्वतः आपल्या माणसांना हाक घातली होती. ती कुणाला ऐकू आली नाही.

मला सर्वांत जास्त वेळ थांबवलं ते पत्रानं. तिनं जाताना दिराला, कॅम्पबेलला, पत्र टाकलं होतं. लंडनचा शिक्का ४ डिसेंबर, सकाळी पावणेदहाचा. प्रकृती बरी नाही, यॉर्कशायरमधल्या एका आरोग्यस्नानाच्या ठिकाणी जाते आहे, असा मजकूर होता. कॅम्पबेलकडून पत्र हरवलं, पाकीट राहिलं, पण मजकूर त्यानं पोलिसांना सांगितला होता. म्हणजे उत्तर पहिल्या आठवड्यातच हाती आलं होतं आणि छापूनही आलं होतं. ते साधं होतं. आजारी, दुःखी बाई विश्रांतीला गेली आहे, यावर कुणाचं समाधान होईना. तळ्यात प्रेत असणं किंवा प्रसिद्धीसाठी रचलेला डाव असणं, या दोन्हींत गोष्ट होती. दिराच्या पत्रात गोष्ट नव्हती.

शेवटी हॉटेलच्या बॅंडमधल्या वादकांनी तिला ओळखलं आणि ते पोलिसांकडे गेले. त्यांनी तिचा चेहरा पाहिला होता, एवढाच त्यांचा पुरावा. १४ डिसेंबरच्या संध्याकाळी नवरा हॉटेलच्या दिवाणखान्यात येऊन बसला आणि ती खाली उतरली तेव्हा त्यानं ओळख पटवली. अकरा दिवस झाले होते.

मग लोक चिडले. ती जिवंत निघाली याचा आनंद थोड्यांनाच झाला. शोधाच्या खर्चावरून आरडाओरड झाली, पुस्तकं खपवायला हे केलं म्हणून बोललं गेलं. स्मृती गेली असल्याचं नवऱ्यानं जाहीर केलं, डॉक्टरांनी दुजोरा दिला, तेही पुष्कळांनी नाकारलं. बहिणीच्या घरी, चीडलजवळच्या अ‍ॅबनी हॉलला, ती पोचली तेव्हा फाटक लावून घ्यावं लागलं. १९२८ मध्ये 'डेली मेल'ला तिनं एकदा त्या रात्रीबद्दल सांगितलं, त्याच वर्षी घटस्फोट झाला. पुढे दुसरं लग्न, इराकमधली उत्खननं, कितीतरी पुस्तकं. १९७६ मध्ये ती गेली, १९७७ मध्ये आत्मचरित्र आलं, आणि त्यात या अकरा दिवसांचा उल्लेख नाही.

एवढ्यानंही अंदाज संपले नाहीत. त्या दिवसांवर एक कादंबरी आली आणि चित्रपट निघाला. तिच्या वारसांनी, म्हणजे त्या रात्री वर झोपलेल्या रोझलिंडनं, आता वयाची पन्नाशी ओलांडलेली असताना, १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन्हींविरुद्ध मनाई मागितली. न्यायालयानं ती दिली नाही. १९७९ मध्ये व्हनेसा रेडग्रेव्ह आणि डस्टिन हॉफमन यांचा 'अगाथा' पडद्यावर आला. आईनं काय केलं आणि का केलं हे परक्यांकडून ऐकत ही मुलगी म्हातारी झाली.

पुरवणीच्या संपादकांनी लेखाचा शेवट 'गूढ उकलणारा' मागितला आहे. मी तसा करणार नाही. स्मृतिभ्रंश खरा की खोटा, यावर माझं मत कुणी मागू नये आणि मी देऊ नये. तिनं जे सांगितलं नाही ते तिचं आहे. लेखात पत्राची गोष्ट मात्र सविस्तर येईल.

संध्याकाळी पाच

बैठक. पहिल्या पानाचं, शहराच्या पानाचं ठरतं. सरांनी विचारलं, "स्कूटरवालीचं काय?" इतर ठिकाणी काय चाललंय ते सगळ्यांनी सांगितलं. शेजाऱ्यांच्या मुलाखती फिरत होत्या, शाळेतल्या त्या शिक्षकाचं नाव आडवळणानं येऊ लागलं होतं. आमच्यातल्या एका सहकाऱ्याचा आग्रह होता की 'पतीवर संशय?' असं प्रश्नचिन्ह घालून तरी घ्यावं, नाहीतर आपली बातमी मिळमिळीत दिसेल.

मी म्हटलं, पोलिसांनी संशय व्यक्त केलेला नाही. प्रश्नचिन्ह लावलं तरी वाचणारा संशयच वाचतो. उद्या त्याची मुलगी शाळेत जाणार आहे.

मग जो खरा पेच होता तो निघाला. बलात्कारपीडितेचं नाव छापायला कायद्यानं बंदी आहे, पूर्वी भारतीय दंड विधानाचं २२८ अ कलम, आता न्याय संहितेचं ७२. तिथे काय करायचं ते ठरलेलं असतं. बेपत्ता बाईचं उलटं आहे. तिचं नाव आणि फोटो छापल्याशिवाय तिला शोधायला मदत होत नाही. म्हणजे आपणच तिचा चेहरा घराघरात पोचवतो, आणि त्याच चेहऱ्याला लोक मग पुलावरची सगळी वाक्यं चिकटवतात. आपण फोटो देतो तेव्हा त्याच्यासोबत आणखी काय देतो, याची जबाबदारी म्हणून आपली जास्त आहे.

२०२३ मध्ये राज्य महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी मार्च महिन्यात राज्यातून सुमारे २,२०० मुली बेपत्ता झाल्याचं सांगितलं होतं आणि मोठी खळबळ उडाली होती. तेव्हा चर्चा दोन आठवडे चालली, आणि चर्चेत कितीतरी कारणं आली. मानवी तस्करीही आली आणि प्रेमप्रकरणंही, घरचा छळही आणि परीक्षेतलं अपयशही. त्या मुलींपैकी कुणाला काय झालं हे एकेकीच्या नोंदीतूनच कळणार होतं. एक कारण सगळ्यांना लावलं की जिला खरंच कुणी पळवून नेलंय तिचा शोध ढिला पडतो, आणि जी छळाला कंटाळून स्वतः निघून गेलीय तिला हुडकून त्याच घरात परत ढकललं जातं. अंदाज बांधणारे बहुधा वाईट माणसं नसतात. आपल्या घरात असं होणार नाही याची त्यांना खात्री करून घ्यायची असते, म्हणून बाईतच काहीतरी दोष सापडला की त्यांना बरं वाटतं. मला हे समजतं. तरी ते बाईच्या जिवावर करू नये, असं माझं म्हणणं आहे, आणि बैठकीत मी ते मोठ्या आवाजात मांडलं.

सरांनी थोडा वेळ पेन फिरवलं. "फोटो, वर्णन, ठाण्याचा नंबर. चौकट करा. ओढणीवरचा डागही घ्या."

संध्याकाळी साडेसात

डेस्कवर फोन सुरू. उजवी बाजू पानभर झाली. एका बाईंचा फोन मात्र वेगळा होता. काल साडेपाचच्या सुमारास त्या सीबीएसजवळ रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. पांढऱ्या ओढणीची एक बाई रस्ता ओलांडून मेळा बसस्थानकाच्या दिशेनं गेली, हातात कापडी पिशवी होती. "तीच होती असं नाही म्हणत मी," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "पण सांगावं असं वाटलं." मी ताईंचा नंबर दिला आणि ताईंनाही कळवलं. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी स्वतः पाहिलेलं, जेवढं पाहिलं तेवढंच सांगितलं होतं.

थोड्या वेळानं निफाडकडच्या एका गावातून फोन आला. बेपत्ता बाईची आई. आवाज अगदी स्वच्छ. मुलीबद्दल काही विचारतील असं वाटलं, पण त्यांनी विचारलं, "बाई, उद्या पेपरात काय येणार?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"बाकी काही नका टाकू. ती आली तर तिला याच माणसांत राहायचंय."

मी होय म्हटलं. पुढे त्यांनी फोटो कोणता आहे ते विचारलं, आणि तो जुना आहे, आता केस कापलेत, असं सांगितलं. मी त्यांना घरच्यांकडून नवा फोटो मागवून घेते म्हटलं. अर्ध्या तासात भावानं पाठवला. शाळेच्या स्नेहसंमेलनातला, सगळ्यांसोबत उभी असलेली. आमच्या आर्टिस्टनं बाकीचे चेहरे कापले.

रात्री साडेनऊ

प्रेसनोट आल्या. त्यातल्या एकीत दोन ओळी होत्या: पंधरवड्यापूर्वी मिसिंग दाखल झालेली एक महिला परजिल्ह्यात सुखरूप मिळून आली, तिचा जबाब नोंदवला. हीच ती, जिच्याबद्दल आम्हीही फोटो छापला होता आणि जिच्याबद्दल शहरानं आठवडाभर बोलून घेतलं होतं.

ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सज्ञान आहे. स्वखुशीनं गेले, कुणी नेलं नाही, असं लिहून दिलंय. पत्ता घरच्यांना देऊ नका म्हणाली. नाही देणार."

एवढंच. पुढे मी विचारलं नाही.

मात्र दहा मिनिटांतच तिच्या सासरच्या कुणाचातरी फोन आला. पेपरवाल्यांना माहीत असतं, कुठे आहे सांगा. आवाज चढला, मग विनवणीवर आला, मग पुन्हा चढला. आम्हाला ठाऊक नाही आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं, असं मी म्हटलं. फोन आपटला गेला. ती घरातून का गेली, याबद्दल त्या आवाजावरून मला काही वाटलं. ते मी लिहिणार नाही. माझा अंदाजसुद्धा अंदाजच आहे.

हरवल्याच्या बातम्या आम्ही नेमानं छापतो, सापडल्याच्या क्वचित. सापडलेल्या बाईत लोकांना रस उरत नाही, किंवा उरतो तो फक्त कुणासोबत सापडली एवढ्यापुरता. त्यामुळे शोध संपल्यावरही तिचा बेपत्ताचा फोटो तसाच फिरत राहतो, कुणी तो नव्यानं पुढे पाठवतो, आणि बाई जिथे नव्यानं राहायला गेली असेल तिथे पोचतो. म्हणून ठरवलं की आज दोन ओळी घ्यायच्या. नाव नाही, कुठे सापडली नाही. फक्त: अमुक ठाण्याच्या हद्दीतून बेपत्ता झालेल्या महिला सुखरूप आहेत, शोध थांबवण्यात आला आहे, त्यांचे छायाचित्र कुणी पुढे पाठवू नये.

वेबवाल्या मुलाला जुनी बातमी काढायला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, ती अजून वाचली जातेय. मी म्हटलं, म्हणूनच. त्यानं माझ्यासमोर काढली, आणि कुणी न सांगता फोटोसंग्रहातल्या प्रतीवर 'वापरू नये' अशी खूण घातली.

रात्री पावणेबारा

शहराचं पान लागलं. तळाच्या कोपऱ्यात फोटोसह चौकट: वय, उंची, हिरवा कुर्ता, पांढरी ओढणी, कोपऱ्यात चहाचा डाग, आखूड केस, खांद्याला किंवा हातात कापडी पिशवी असू शकते, काल संध्याकाळी पाचनंतर कुणी पाहिलं असल्यास ठाण्याचा नंबर. स्कूटरचा उल्लेख एका वाक्यात, हँडल लॉकचा नाही, कारण तो तपासाचा भाग आहे असं ताईंनी सांगितलं. नदीतला शोध अंधार पडल्यावर थांबला, सकाळी पुन्हा सुरू होईल, हेही एका वाक्यात. आदरार्थी क्रियापदं मी एकदा तपासून घेतली. बेपत्ता पुरुषाला 'गेले' आणि बाईला 'गेली' असं आमच्याकडे होऊन जातं.

पान सोडण्याआधी ताईंना शेवटचा फोन. मेळा स्थानकावरचं फुटेज उद्या सकाळी मिळेल. एका कॅमेऱ्याची वेळ चुकीची लागलेली आहे, ती जुळवून घ्यावी लागेल.

उद्याच्या कामाच्या वहीत लिहिलं: साडेआठला ताई, फुटेज. साडेपाच ते साडेसात मेळ्यावरून सुटलेल्या गाड्या आणि त्यांचे वाहक, आगाराकडून नावं. रिक्षा स्टँडवर फोटो नेणे, नवा, आखूड केसांचा. सिव्हिल, अनोळखी रुग्ण, दोन्ही पाळ्या. निफाडला आईंना फोन करून छापलेली चौकट वाचून दाखवणे, त्यांच्या गावात आमचा अंक दुपारी पोचतो.